पाचवीच्या पूजेतला भरला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. उदगीरच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले आणि शिरूर अनंतपाळच्या शिवम्माने हौसेने घरी आणले. ती मला चिंचेने घासायची. शेजारणी माझी चमक पाहून नावाजायच्या आणि मी फुगून जायचो. आज त्या कौतुकाची आठवणही नकोशी वाटते.

तेव्हा लातूर जिल्हा नवा झाला होता. आमच्या विहिरीने मात्र तळ गाठला होता. त्यातच शिवम्माची लेक शिवकांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळंतिणीने पाणी प्यायले की बाळाला सर्दी होते, असे आमच्याकडच्या जुन्या बायका मानत. म्हणून शिवम्मा लेकीला घोटभरच पाणी द्यायची, तेही मायेपोटीच. त्यात खोलीत शेकासाठी शेगडी पेटलेली असायची.

पाचव्या दिवशी सटवाईच्या पूजेला मला काठोकाठ भरून मांडले. एवढ्या दुष्काळातही भरला तांब्या ठेवला, म्हणून बायकांनी वाखाणले. बाजेवरून शिवकांता माझ्याकडेच पाहत होती. तिचे ओठ सुकून फुटले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी तिचे डोके ठणकू लागले. घरच्यांनी कपाळाला फडके बांधले, दृष्ट काढली. मग झटके आले, तेव्हा कुठे जीप मिळवून तिला लातूरला नेले. सोबत मीही होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. एरवी हा आजार क्वचितच दिसतो, पण या भागातल्या बाळंतिणी त्यांच्याकडे वरचेवर येत. अंगात पाणी कमी पडले की रक्त दाट होते, हेही त्यांनी समजावले. 

शिवकांता वाचली, पण तिचा उजवा हात लुळा पडला. घरी आल्यावर शिवम्माने मला तिच्या ओठांना लावले. पोटभर पाणी पिऊन ती हळूच आईला म्हणाली, "अव्वा, लेकराच्या अंगोळीला पाणी व्हतं. मलाच न्हवतं."

शिवम्माने मला पुन्हा भरून तिच्या उशाशी ठेवले. 

आता मी माळ्यावर काळवंडून पडलो आहे. मला घासा, असे मी सांगणार नाही. तुमच्या घरी कोणी बाळंत झाले, तर तिला पाणी मागायची वेळ आणू नका. डोके दुखते म्हणाली, तर लगेच दवाखान्यात न्या. मित्रांनो, त्या दुष्काळातही आम्ही दारच्या वाटसरूला पाणी दिले होते. घरच्या लेकीला दिले नाही.