पाहुण्याला वेशीपर्यंत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक घर मनात आणा. न्हावरे गावातल्या चर्चमागचं, दोन खोल्यांचं, दारात शेवगा असलेलं. दिवसभर त्या घरात कुणी बोलत नाही. आई देवाघरी गेलेली. आत्या दयाबाई सकाळीच कांदे खुरपायला जाते. मागे उरते आठ वर्षांची हन्ना. ती कोंबड्यांशी बोलते, आणि त्यांच्या वतीने उत्तरंही स्वतःच देते.

तिचे बाबा बन्यामीन लष्कराच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवत. कॉर्नेट म्हणजे पितळेची आखूड तुतारी. १९५४ च्या ऑक्टोबरात ते रजेवर आले, ते एक परकी चाल, फ्रान्सचं राष्ट्रगीत, घोटतच. दूर दक्षिणेला पाँडिचेरी नावाचं शहर फार वर्षं फ्रान्सकडे होतं. भारत आणि फ्रान्स समोरासमोर बसून बोलले आणि लढाई न करता ते भारताकडे यायचं ठरलं. त्या दिवशी तिथे फ्रान्सचं निशाण उतरून भारताचं चढणार होतं, आणि वाजवायला बाबांचा बँड जाणार होता.

शेजारच्या सर्जेराव आबांना ती चाल रुचली नाही.

"आपलं निशाण चढणार, आन् तू त्यांचं गाणं घोटतोस व्हय रं?"

"त्यांचं उतरताना वाजवायचं हाय, आबा. ते आपलं शिकत्यात, आम्ही त्यांचं. तसं ठरलंय."

"जाणाऱ्याला कसलं गाणं?"

"तुमचा तो भांडकुदळ व्याही येतो, त्याला वेशीपर्यंत कोण पोचवतं?"

"मीच की. न्हाई पोचवलं तर माघारी यील."

दोघे हसले. हन्ना हसली नाही. बाबांना पोचवायला ती कधीच गेली नव्हती. ते निघाले की ती खुराड्यामागे जाऊन बसायची.

जायच्या दिवशी बाबांनी पेटी उघडली. कॉर्नेटला तोंड लावायचा पितळी तुकडा जागेवर नव्हता. आत्याने घर पालथं घातलं.

"उंदरानं न्यायला ती काय भाकर हाय?" ती पुटपुटली.

दौंडच्या एसटीची वेळ झाली. बाबा खुराड्यामागे हन्नापाशी येऊन टेकले. रागावले नाहीत.

"तो तुकडा नसला की मी ऱ्हाईन, असं वाटलं व्हय तुला?"

हन्ना खुराड्यातल्या कोंबडीकडे बघू लागली.

"मला जावंच लागंल, पोरी. पहिला सूर माझा हाय. त्या फ्रान्सच्या लोकांची तिथं घरं व्हती, शाळा व्हत्या. निशाण मुकाट्यानं उतरलं, तर पोचवायला कुणीच आलं न्हाई, असं वाटंल त्यांना."

पेटी उचलून ते एकटेच निघाले. वाटेवरच्या चिंचेपर्यंत गेले तरी एकदाही वळले नाहीत. मागे कुणी नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

हन्ना त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. पितळी तुकडा अंड्यांसारखाच उबदार झाला होता. तो मुठीत घेऊन ती धावत सुटली, चिंचेपाशी बाबांच्या हातात ठेवला, आणि त्यांचं बोट धरून वेशीपर्यंत चालत गेली.