गोपिकेच्या शिरांची एकच फिल्म

मी एक एक्स-रेची फिल्म बोलतेय. दचकू नका, दचकण्याचं काम माझं. काळोख्या डब्यात वाढलेली मी, उजेडाची तिरीप आली असती तरी नासले असते.

१९७६ साली नागपूरच्या एका दवाखान्यात मला सतरा वर्षांच्या गोपिकेच्या पाठीखाली सरकवलं. तिला रक्ताच्या उलट्या होत. तिच्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, शिरा फोटोत दिसाव्यात म्हणून सुईनं औषध सोडलं. ती कळवळली, आणि तिच्या शिरा माझ्यावर पांढऱ्या उमटल्या.

अरुंधती डॉक्टरांनी मला दिव्याच्या पेटीवर लावलं. गोपिकेची आई, रुख्मिणीबाई, दाराशीच उभी. डॉक्टर तिला सांगू लागल्या,

"यकृताकडची मोठी शीर बंद आहे. रक्त अन्ननलिकेच्या शिरांत तुंबतं, त्या फुटतात. पण पानथरीची शीर रुंद आहे. पानथरी काढून ही शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडता येईल. फिल्म मात्र जपा. पानथरी गेल्यावर असा फोटो पुन्हा निघत नाही."

ऑपरेशन झालं. उलट्या थांबल्या. कामठीच्या घरी गोपिका मला खिडकीशी धरून हसायची, "पाह्य नं माय, माह्या पोटातल्या वाटा!"

मग हिंगण्याचं स्थळ आलं.

"जाळून टाक वं ते. सासरच्यानं पाह्यलं तं तुले परत धाडतीन."

"अन् पोटावरचे टाके? ते बी जाळतं का?"

 रुख्मिणीबाईनं मला जाळलं नाही. पत्र्याच्या पेटीत, गोधड्यांच्या तळाशी घातलं. गोपिका माझ्याविना सासरी गेली. तेव्हापासून डांबरगोळ्यांचा वास आणि मी. तिच्या शिरा माझ्याजवळ आहेत, ती नाही.

आज दुपारी अंगणात सायकल आदळली. मी दचकले. जावई अनंत आला होता.

"आई, गोपिकाले रक्ताची उलटी झाली. भरती केलं. डॉक्टर जुना फोटो मागून राहिले. तो जोड बंद पडला असंन, तं आता कोणती शीर कामी येईन, ते त्याच्यावरून समजते म्हणे."

"कोणता फोटो? आमच्याकडं नाही बा तसलं काही."

"आई, टाके मले लग्नापासून ठाऊक आहेत. मी काही म्हटलं का कधी?"

"फोटो नाही म्हटलं नं, जावईबापू!"

त्यानं सायकल वळवली. "सापडला तं घेऊन या. मी तिच्यापाशी जातो."

सायकल गेली. रुख्मिणीबाई येऊन पेटीवर बसली आहे. तिचं रडणं पत्र्यातून मला ऐकू येतंय.

उठा हो, रुख्मिणीबाई. त्यानं टाके पाहूनही तिला नांदवलं. आता कोणापासून लपवता मला? उजेडाला मी जन्मभर भ्याले. तरी झाकण उघडा. मला त्या दिव्यापुढे न्या.