नेकेसाच्या बोर्डावरचा पूर

केनियातल्या नाकुरू शहरात बसस्टँडमागे नेकेसाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मटाटू, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबस, चालवणाऱ्यांसाठी तिने इंटरनेटवर एक बोर्ड उघडला होता. चुमाची टोळी हप्त्यासाठी कोयते घेऊन आज कुठल्या वळणावर उभी आहे, ते ड्रायव्हर त्यावर लिहीत आणि मागून येणारे गाडी दुसरीकडून काढत.

चुमाला हे कळलं तेव्हा त्याने बोर्डच बुडवायचं ठरवलं. खोट्या नावांनी सट्ट्याच्या, झटपट कर्जाच्या जाहिराती धो धो येऊ लागल्या. नेकेसा पुसून पुसून दमली. त्या राड्यात पुलाजवळची सूचना कुठल्या कुठे गाडली गेली आणि ओकेलो नावाचा ड्रायव्हर गाडी घेऊन थेट टोळीच्या तोंडी गेला. कोयत्याने त्याचा हात खांद्यापासून उतरवला. हॉस्पिटल गाठायच्या आत तो गेला.

त्याला पुरून आल्यावर नेकेसाने बोर्डाला कडी घातली. नव्या माणसाचा मजकूर आधी तिच्या नाहीतर किप्रोनोच्या नजरेखालून जाणार. तोच मजकूर पुन्हा आला की आपोआप बाद. कुणी धडाधड लिहायला लागला की त्याचं तोंड तासभर बंद. किप्रोनो हा ओकेलोचा मेहुणा, तोही ड्रायव्हरच. दोघांनी मिळून जाहिराती आटवल्या.

मग भर दुपारी चुमा दोन माणसं घेऊन दुकानात शिरला.

"कडी काढ," तो म्हणाला. आवाज अगदी हळू.

ती नाही म्हणाली. त्यांनी तिचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि चुमाने हातोडीने तिची दोन बोटं ठेचली. तिची किंकाळी अख्ख्या गल्लीने ऐकली. समोर गाडीत बसलेल्या किप्रोनोने बोर्डावर एकच ओळ टाकली: चुमा नेकेसाच्या दुकानात आहे.

मध्ये एकही जाहिरात नव्हती. ओळ सगळ्यांनी वाचली. बघता बघता मटाटूंनी गल्लीची दोन्ही तोंडं बंद केली. चुमाची माणसं भिंतीवरून पळाली. त्याला मात्र ड्रायव्हरांनी फरफटत बाहेर आणलं, पान्यांनी गुडघे फोडले, गळ्यात जुना टायर अडकवला आणि वरून पेट्रोल ओतलं.

नेकेसा दारात आली. फोनवर बोर्ड नुसता वाहत होता. जाळा. जाळा. काय बघताय, जाळा. सगळी जुनी, ओळखीची नावं. तिने डाव्या हाताने बोर्ड बंद केला, सगळ्यांसाठीच. मग गर्दीत घुसली आणि चुमाशेजारी पेट्रोलच्या थारोळ्यात बसली.

किप्रोनोच्या हातात लायटर होता. "बाजूला हो."

"नाही होणार."

"माझ्या बहिणीचा नवरा मारलाय याने."

"माहितीये. ओकेलोवर माती मीपण लोटली."

"स्वतःची बोटं बघ जरा."

"बघितली. लावायचं तर लाव, मी इथून उठत नाही."

चुमा तिच्या पायावर रक्त ओकत होता. किप्रोनोने लायटर खिशात घातला, परत काढला आणि समोरच्या पत्र्यावर भिरकावला. तो रडत होता आणि रडता रडता तिलाच शिव्या घालत होता.

पोलिसांनी चुमाला उचलून नेलं. तो जगला, तुरुंगात गेला. पाय मात्र कायमचे गेले.

पुढच्या आठवड्यात नेकेसाने बोर्ड उघडला. निम्मे ड्रायव्हर परतलेच नाहीत. बाई त्याच्या बाजूने बसली, असं ते म्हणत. किप्रोनो आला. तिच्याशी बोलत नसे. बाकावर बसून नव्या माणसांचे मजकूर तपासायचा, आणि तिच्या आखडलेल्या बोटांत स्क्रू धरवेनासा झाला की तिच्या हातातून फोन काढून घेऊन स्वतः पिळायचा.