डबडीचा शेवटचा मुराळी

रेल्वेच्या कागदांत तिला नुसता नंबर होता. उधन्याजवळच्या नवागामातले, मिलमध्ये कामाला आलेले आम्ही खानदेशी लोक तिला डबडी म्हणायचो. दोनच डबे, पुढे वेगळं इंजिन नाही. डिझेलचं यंत्र डब्याच्याच पोटात, त्यामुळे ती निघाली की बाकावरच्या माणसाच्या दातांपर्यंत थरथर पोचायची.

मिलच्या कापड घडी घालायच्या खात्यातून निवृत्त झाल्यावर मी तिचा इतिहास लिहायला घेतला. आधी ती बारडोलीपर्यंत जायची, मग व्यारा, मग नवापूर, शेवटी दोंडाईचा. कोणता थांबा कोणत्या साली वाढला, ते मी उधन्याच्या फलाटावर रेल्वेच्या जुन्या खलाशांना विचारून वहीत उतरवी. ती वही कोण वाचणार, हा प्रश्न मला रोज पडे. तरी अक्षर मात्र सुबक काढी.

चाळीत पत्रंही मीच लिहून द्यायचो. १९९५च्या एप्रिलात शेजारच्या गायत्रीचं लिहिलं. लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. भाऊ मुराळी होऊन न्यायला आल्याशिवाय आमच्यात लेक आखाजीला माहेरी जात नाही. म्हणून तिच्या भावाला, वाल्मिकला, मी कळवलं : एक मेला सकाळच्या डबडीने ये, दुपारी तिनेच बहिणीला घेऊन जा, दोन तारखेला आखाजी.

तीस तारखेला सकाळी गायत्री दारात केस विंचरत बसली होती. भाऊ उद्या यायचा होता.

"नाना, सकाय डबडी कितला वाजता येई?"

मी वही उघडली. शेवटच्या पानावर माझ्याच सुबक अक्षरात होतं : 'एक मेपासून ही गाडी बंद.' दहा दिवसांपूर्वी फलाटावरची सूचना वाचून मी ते उतरवलं होतं. इतिहास म्हणून. त्या गाडीने उद्या कुणी येणार आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तिच्या माहेरी, बोराडखेड्याला, दुसरी गाडी थांबत नव्हती आणि तार पोचेपर्यंत आखाजी उलटली असती.

मी चाचरत सगळं सांगितलं. गायत्रीची फणी केसांत तशीच राहिली.

मग मी जे केलं, ते मी केलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. टोपी घातली आणि तिच्या सासूच्या, सुंदराबाईच्या, उंबऱ्याशी उभा राहिलो. "वहिनी, मी मुराळी आलोय. पोरीला पाठवा."

सुंदराबाईने मला टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं. "नाना, आख्खा जलम पुस्तकमा घाला, आते मुराई व्हयनात का?"

आतून कुणीतरी हसलं. माझे कान तापले. पण मी हललो नाही, आणि सुंदराबाईही हसत नव्हती. तिने पाट मांडला, मला गूळपाणी दिलं आणि सुनेला हाक मारली, "चाल व, तुना मुराई वना."

दुपारी आम्ही डबडीच्या शेवटच्या फेरीत बसलो. इतकी वर्षं तिच्यावर लिहिलं, पण बारडोलीपुढे मी कधी गेलो नव्हतो. व्यारा मागे पडलं आणि यंत्राच्या घरघरीत सगळंच हलकं झालं. सोनगडनंतर सागाची उघडी झाडं खिडकीशी येत आणि मागे सरत. कुठूनतरी मोहाचा वास आत शिरला, डिझेलच्या वासात मिसळला. मला वाटलं, गाडी उभी आहे आणि गावंच एकेक करून आम्हाला भेटायला येत आहेत. गायत्री खिडकीवर डोकं टेकून झोपली होती. तिच्या बांगड्या यंत्राच्या तालावर बारीक वाजत होत्या. वही पिशवीत होती. काढावीशी वाटली नाही.

बोराडखेड्याला आम्ही दोघंच उतरलो. डबडीने भोंगा दिला आणि उन्हाच्या लाटांत ती आधी निळसर, मग पाण्यासारखी झाली.

गायत्रीच्या आईने दारात माझ्या पायांवर पाणी घातलं. अंगणातल्या निंबाला वाल्मिक झोक्याचा दोर बांधत होता, तो तसाच धावत आला. "नाना, तुमी कसाले तरास लिधा? मी सकाय येतच होतू ना!"

गायत्रीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"आते आखाजी करीसनच जा," तिची आई म्हणाली. "परतनी गाडी कव्हय शे?"

"आहे," मी म्हणालो, "बघू."

गायत्री तोंडाला पदर लावून हसली. मग तिने मला झोक्यावर बसवलं आणि मागून हळूच एक झोका दिला.