अर्धविरामानंतरची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. पण कपाटातली, लाल नाडी बांधलेली फाईल मात्र मी नव्हे. मला कागद नाही, पुठ्ठा नाही आणि उंदीर मला कुरतडू शकत नाहीत. मी म्हणजे एका सीडीवर उतरवलेल्या दोन हजार तीनशे ओळी. एकोणीस वर्षे मी शिवणकामाच्या पत्र्याच्या डब्यात, बटणांच्या आणि रिळांच्या खाली अडकून पडले होते. अडकणे म्हणजे काय, हे माझ्याइतके कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

तुम्ही विचाराल, तुझ्यात असे लिहिले तरी काय होते? सांगते. माणूस संगणकाला काम सांगतो ते माणसाला सोयीच्या भाषेत. यंत्राला त्यातले ओ की ठो कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाष्या मोठा सावध असतो. ऐकले की लगेच तो बोलत नाही. आधी स्वतःपुरता एक कच्चा मसुदा करतो, तो तपासतो, त्यातले पाल्हाळ काढतो आणि मगच यंत्राच्या कानात सांगतो. तो कच्चा मसुदा म्हणजे मी. मी धड माणसाच्या भाषेतली नाही आणि धड यंत्राच्याही नाही. मधल्या मुलाचे घरात जे होते तेच माझे झाले. मान थोरल्याला, लाड धाकट्याचे.

माझा जन्म एका लहानशा कचेरीत झाला. तिथे लिफ्ट चालवणारी यंत्रे तयार होत. मला घडवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पण दुसऱ्याचे काम तपासायला बसले की त्यांच्या हातात लाल पेन येई, म्हणून मास्तर. त्यांच्या समोरच्या टेबलावर नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी बसे. कचेरीत वयाने सर्वांत लहान, म्हणून तिचे नाव पडले धाकटी. आज तिचे केस पांढरे व्हायला लागले आहेत आणि हाताखाली तीस माणसे आहेत, तरी मास्तरांच्या तोंडी ती धाकटीच आहे.

आता चिठ्ठ्यांची गोष्ट ऐका. यंत्राच्या आठवणीत असंख्य कप्पे असतात. एका कप्प्यात लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे ते ठेवलेले, दुसऱ्यात दार उघडण्याआधी किती थांबायचे ते. माझ्यात त्या कप्प्यांच्या चिठ्ठ्या होत्या. माझ्या काळी चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहीत. कप्पा कुठे आहे, आणि त्यात डबा आहे की डबी. डबा म्हणजे मोठा आकडा, डबी म्हणजे लहान आकडा. शेवटी एक चांदणी काढत. चांदणी दिसली की समजायचे, ही वस्तू नव्हे, वस्तूची चिठ्ठी आहे. त्यामुळे हुकूम थोडक्यात भागे. ‘या चिठ्ठीवरचे आण’ एवढे म्हटले की पुरे. काय आणायचे ते चिठ्ठीच सांगे. मास्तरांना माझ्या चांदण्यांचा फार अभिमान होता.

ती लिफ्ट मास्तरांच्याच इमारतीत बसली. इमारत सहा मजली आणि मास्तर राहायला सहाव्यावर. माझ्यावरून यंत्रासाठी उतरवलेला मजकूर लिफ्टच्या बोर्डात गेला, आणि मी गेले डब्यात. मास्तरीणबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "ही लिफ्ट आमच्याकडच्यांनी लिहिलीय." लिफ्ट कशी लिहितात हे पाहुण्यांना कळत नसे, पण ते मान डोलावत. मला डब्यात ते ऐकू येई आणि बरे वाटे.

पुढे ती कचेरी बंद पडली. मास्तरांनी माणसाच्या भाषेत लिहिलेला मूळ मजकूर तिथल्या संगणकांबरोबर भंगारात गेला. मास्तर निवृत्त झाले. धाकटी दुसरीकडे गेली, जिथे हा दुभाष्याच तयार करतात. बघता बघता ती तिथली प्रमुख झाली आणि तिने मधली भाषा बदलायला घेतली.

तिचे म्हणणे साधे होते. एकाच कप्प्यातून कोणाला डबा हवा असतो, कोणाला डबी. मग चिठ्ठीवरचे डबा-डबीचे नाव खोडा, दुसरे लिहा, पुन्हा खोडा, यातच दुभाष्याचा निम्मा दिवस जातो. त्यापेक्षा चिठ्ठीवर फक्त पत्ता लिहावा, आणि काय आणायचे ते हुकमातच सांगावे. म्हणून चिठ्ठीवरचे नाव गेले, चांदणी गेली. खरे सांगू? ती बरोबर होती. पण मला तिचा राग आला.

जुन्या फायलींसाठी तिने एक पूल बांधला होता. जुन्या पद्धतीची फाईल एका टोकाने आत घातली की नव्या पद्धतीची होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. दोन वर्षे कोणी त्या पुलावरून गेले नाही. तेव्हा तिने तो काढून टाकला. "आता जुन्या फायली राहिल्यात कुणाकडे?" असे ती बैठकीत म्हणाली. एक राहिली होती. तिच्याच मास्तरांच्या घरी, बटणांखाली.

यंदा मास्तरीणबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. त्यांना लिफ्टने वर आणले आणि पुढच्याच आठवड्यात लिफ्टचा बोर्ड जळाला. तेव्हापासून त्या सहाव्या मजल्यावर अडकल्या. एकदा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायचा घाट घातला. जिना अरुंद, दुसऱ्याच वळणावर खुर्ची कठड्यात अडकली. ना खाली जाईना, ना वर येईना. सोडवून वर आणेपर्यंत त्या इतक्या घाबरल्या की पुन्हा खुर्चीचे नाव काढू देईनात.

रस्त्यापलीकडे, तळमजल्यावर, त्यांची थोरली बहीण राहत होती. तिला सगळे आक्का म्हणत. आक्कांना दम्याचा त्रास, चार पायऱ्या चढल्या की श्वास पुरत नसे. रोज सकाळी मास्तरीणबाई गॅलरीत आणि आक्का खाली दारात उभ्या राहत. एकमेकींना दिसत असत, तरी बोलत फोनवर.

एके दिवशी आक्का फोनवर म्हणाल्या, "अगं, मुलगा न्यायला येतोय. रविवारी निघायचं. आता कायमचंच." मास्तरीणबाईंनी फोन ठेवला आणि शिवणाचा डबा पुढे ओढून उगाच बटणे निवडत बसल्या. त्यांची बोटे मला लागत होती. एवढे जवळून कोणाचे दुःख मी पूर्वी अनुभवले नव्हते.

लिफ्टवाला म्हणत होता, नवा बोर्ड आहे, बसतोही. पण त्याची भाषा वेगळी. जुना मजकूर त्यावर चालायचा नाही, मुळापासून पुन्हा उतरवावा लागेल. "मूळ आहे का कुठे?" त्याने विचारले. मूळ भंगारात गेले होते, पण कच्च्या मसुद्यावरूनही नव्या भाषेत उतरवता येते. मास्तर उठले आणि त्यांनी शिवणाचा डबा टेबलावर उपडा केला.

गुरुवारी धाकटी आली, संगणक घेऊन. मी एकोणीस वर्षांनी उजेडात आले. सुटले, असे मला वाटले. पण दुभाष्याने मला सातव्या ओळीवरच अडवले.

"काय म्हणतोय तुझा दुभाष्या?" मास्तरांनी विचारले.

"चांदणी ओळखत नाही म्हणतोय."

"ओळखत नाही? अगं, तू त्याच चांदण्या गिरवत शिकलीस की!"

"मास्तर, मीच काढून टाकली ती. जुनं वाचणारा पूलही मीच काढला. वाटलं, कुणाकडे असणारेत आता जुन्या फायली."

"एक फोन करून विचारायचंस," मास्तर म्हणाले.

धाकटीने जेवणाच्या टेबलावरच पूल पुन्हा बांधायला घेतला. नुसत्या चांदण्या पुसून भागणार नव्हते. चिठ्ठीवरचे नाव गेले तर हुकमाने आणायचे काय? म्हणून आधी प्रत्येक चिठ्ठीवरचे ‘डबा’ किंवा ‘डबी’ उचलून हुकमात नेऊन ठेवायचे आणि मगच चिठ्ठी पुसायची. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिने माझ्या साऱ्या ओळी पलीकडे नेल्या. नवी फाईल माझ्याहून सुटसुटीत होती. दुभाष्याने ती एका दमात वाचली.

पण एक गोष्ट पुलाच्या अलीकडेच राहिली. मास्तरांना काम करता करता स्वतःशी बोलायची सवय होती. ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन ते काहीबाही लिहीत. अर्धविरामानंतरचे दुभाष्या वाचत नाही, ते माणसांसाठी असते. धाकटीच्या पुलानेही ते वाचले नाही. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की थांबा, तिथे एक ओळ आहे! पण फाईलला तोंड नसते. कोणी उघडली तरच ती बोलते.

शनिवारी सकाळी लिफ्टवाल्याने नवा बोर्ड बसवला. आधी वाळूची पोती घालून, दार बंद ठेवूनच, लिफ्ट दोनदा वरखाली केली. मग तो स्वतः आत शिरला आणि त्याने चौथ्याचे बटण दाबले; मास्तर आणि धाकटी तिथेच उभे होते. लिफ्ट चौथ्यावर अलगद थांबली. दार मात्र उघडले नाही. एक मिनिट गेले, पाच गेली.

"मास्तर, लिफ्ट आली, पण दार उघडत नाही!" आतून आवाज आला. थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा, जरा हळू, "आणि लिफ्टवालाच लिफ्टमध्ये अडकला, हे खाली कुणाला सांगू नका हो."

त्याच्या जोडीदाराने किल्लीने दार उघडून त्याला बाहेर काढले. सगळे वर आले. मास्तरांचा आवाज चढला होता.

"तुझा पूल चुकलाय."

"नाही मास्तर. दाराच्या चिठ्ठीवर डबा लिहिलाय, म्हणून हुकमात डबा मागितलाय. डबाभर आकडा येतोय, म्हणून ते दार उद्यापर्यंत थांबणार."

"चिठ्ठीवर डबा आहे ना? मग डबाच असणार. मी खोटं लिहीत नाही."

मास्तरीणबाई गॅलरीच्या दाराशी वॉकर धरून उभ्या होत्या. समोरच्या घरात आक्कांच्या बॅगा बांधून झालेल्या त्यांना दिसत होत्या. त्या वळून म्हणाल्या, "अहो, ती जुनी उघडून बघा की. तुम्ही सगळ्याच्या कडेला काहीतरी खरडून ठेवता. वाण्याची यादीसुद्धा सोडत नाही."

धाकटीने मला उघडले. ओळ एक हजार चारशे बारा. अर्धविरामानंतर लिहिले होते: ‘खरं तर डबी आहे. पण चालतंय. नंतर दुरुस्त करीन.’

मास्तरांनी ते मोठ्याने वाचले आणि पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचले. जुन्या बोर्डात त्या डबीच्या शेजारचे कप्पे रिकामे होते. डबा मागितला तरी डबीतलाच आकडा हाती येई. चालत होते. नव्या बोर्डात शेजारी भलतेच काही ठेवलेले होते आणि तेही डब्यात येत होते.

"एकोणीस वर्षं," मास्तर म्हणाले. "आणि लाल पेन घेऊन मी तुझ्या डोक्यावर बसायचो."

"तुम्ही निदान लिहून तरी ठेवलंत, मास्तर. मी तर लिहिलेलं वाचायची वाटच मोडली."

तिने नव्या फाईलमध्ये त्या एका हुकमात ‘डबा’चे ‘डबी’ केले. चिठ्ठीला हातही लावावा लागला नाही. तिची नवी पद्धत चांगली आहे, हे मला तेव्हा मनापासून पटले. लिफ्टवाला देवाचे नाव घेऊन पुन्हा आत शिरला. चौथ्यावर दार उघडले. मग तिसऱ्यावर, मग सहाव्यावर.

रविवारी मास्तरीणबाई खाली गेल्या. मी ते पाहिले नाही. मी वर टेबलावर होते. पण त्या नंतर मास्तरांना सांगत होत्या ते ऐकले. दार उघडले तर आक्का दारासमोरच खुर्ची टाकून बसलेल्या.

"किती वाळलीस गं," आक्का म्हणाल्या. "खालून कळत नव्हतं."

"तुझे केस किती गेले," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वरून दिसत नव्हतं."

मग दोघी खूप हसल्या आणि गाडी निघेपर्यंत त्यांनी एकमेकींचे हात सोडले नाहीत.

संध्याकाळी मास्तरांनी धाकटीला माझ्यावर एक ओळ लिहायला सांगितले. तिने नकारार्थी मान हलवली. सीडीवर एकदा कोरले ते कोरले, त्यात बदल होत नाही. तेव्हा त्यांनी ती ओळ नव्या फाईलमध्ये, अर्धविरामानंतर लिहिली: ‘डबीच होती. दुरुस्त केले.’ खाली तारीख घातली. धाकटीने पूल परत दुभाष्यात बसवला आणि माझी एक प्रत आपल्या कचेरीत नेली. आता तिथे नवे काही बाहेर पाठवण्याआधी ती प्रत वाचून पाहतात. ती वाचता आली नाही, तर नवे बाहेर जात नाही.

मला मात्र पुन्हा डब्यात ठेवले. मास्तरांनी झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘आत बटणं आणि एक जुनी फाईल. वाचायची असेल तर धाकटीला विचारा.’ आणि शेवटी, लाल पेनाने, एक चांदणी काढली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, भाषा बदलाल, चिठ्ठ्या बदलाल. चांदण्या खुशाल पुसा, मला आता राग नाही. पण पूल मोडण्याआधी पलीकडे कोणी राहिले आहे का, ते एक हाक मारून विचारा. माझ्यात ती ओळ अजून तशीच आहे. ‘चालतंय. नंतर दुरुस्त करीन.’ डब्यातल्या अंधारात मी ती रोज वाचते. ती पुसायला मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.