ओठांचे आवाज

बोलक्या पुस्तकांच्या स्टुडिओत बावीस वर्षं तो एकच काम करत आला होता: वाचणाऱ्यांच्या तोंडातली घाण काढायची. ओठांची चुकचुक, जिभेची चपचप, वाक्याआधीचा ओलसर श्वास. भलेभले नट यायचे, पण हेडफोन चढवला की त्याला ऐकू यायची ती त्यांची थुंकी. शिसारी यायची. सगळे त्याला ‘फडकं’ म्हणत, आणि त्याला ते नाव आवडायचं.

घरी मात्र हे कान काढून ठेवता येत नसत. मुलगी जेवायला बसली की तिच्या चावण्यानं त्याच्या डोक्यात तिडीक जायची. "तोंड मिटून चाव", "किती आवाज करत पितेस!" ऐकून ऐकून एक दिवस ती ताट घेऊन आपल्या खोलीत गेली ती गेलीच. त्याला तीन वर्षं झाली.

त्याच मुलीनं आज आपण होऊन पेन ड्राइव्ह पुढे केला.

"माझं गाणं आहे, बाबा. ड्रीम पॉप म्हणतात याला. संध्याकाळी स्पर्धेला पाठवायचंय. गिटार, आवाज, सगळे ट्रॅक सुटे आहेत, गिटार जास्त होतायत का तेवढं बघा. आवाजाला हात लावू नका हं."

काही झालं तरी नाक मुरडायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं.

पहिल्या मिनिटालाच मुरडलं. गिटार एकमेकींत कालवलेल्या, घुमाऱ्याचा नुसता चिखल, आणि तिचा आवाज तुंबलेल्या मोरीच्या तळाशी असावा तसा. तिसऱ्या मिनिटाला मात्र आपले खांदे सैल पडल्याचं त्याच्या ध्यानात आलं. या गाण्यात माणसाचा आवाज होता आणि तोंड नव्हतं! ना ओठ, ना जीभ, ना थुंकी. डोळे मिटून त्यानं ते चारदा ऐकलं. किळस न येता ऐकावं असं गाणं त्याला आयुष्यात पहिल्यांदा सापडलं होतं, आणि ते त्याच्या लेकीचं होतं.

इथेच थांबायला हवं होतं. पण हाताची सवय. एवढ्या चांगल्या गाण्यात तळाशी घाण राहायला नको, म्हणून त्यानं गिटार बंद केल्या, घुमारा काढला आणि तिचा आवाज एकटा लावला.

एकही चुकचुक नव्हती. शब्दच तेवढे होते.

आवाज न करता गिळते मी, बाबा,
आवाज न करता रडते.
तुम्हाला किळस येऊ नये म्हणून
श्वासही दाराबाहेर सोडते.

बावीस वर्षांच्या साऱ्या थुंकीची आली नसेल एवढी किळस त्याला स्वतःची आली. त्यानं घाईघाईनं सगळं होतं तसं केलं.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. "कसं वाटलं?"

"छान आहे. खरंच छान आहे."

"शब्द कळले का?"

"छे! त्यात शब्द कुठले कळायला!"

तिचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. खुर्ची ओढून ती त्याच्या अगदी शेजारी बसली. "मग मोठ्यानं लावू? दोघं मिळून ऐकू."

गाणं सुरू झालं. त्या चिखलातून आता त्याला एकेक शब्द लख्ख ऐकू येत होता, आणि ती बघत होती म्हणून तो मान डोलावत राहिला.