कोरडं लागलेलं बंडल

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत आमच्या फौंड्रीत भट्टी उसळली आणि हे गेले. हे, म्हणजे अण्णासो, भट्टीचे मुख्य कारागीर. मी त्याच कारखान्यात साच्यांची वाळू तपासायच्या लॅबमध्ये होते. पत्र्याच्या कात्रणांचं दाबून केलेलं एक बंडल वितळलेल्या लोखंडात पडलं. त्याच्या आत पावसाचं पाणी होतं, त्याची एकदम वाफ झाली.

आमच्याकडे दर शनिवारी कुणीतरी आपल्या कामातली एखादी गोष्ट सगळ्यांना दहा मिनिटं समजावून सांगायचं. ही पद्धत प्रसेनजीत या तरुण इंजिनिअरनं पाडली होती. तीन आठवड्यांनी मी कामावर परतले, तेव्हा ओलाव्यावर बोलाल का, असं त्यानं चाचरत विचारलं. नको असेल तर राहू दे, असंही म्हणाला. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

प्रोजेक्टरसाठी मी सोळा पारदर्शिका लिहिल्या. आकडे, तापमान, वाफेचं सूत्र. एकेक वाचत गेले. आवाज कापला नाही. दहाची वीस मिनिटं झाली. कुणी प्रश्न विचारला नाही.

दुपारी कॅन्टीनच्या चिमणाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "वैनी, तुमचं कुणी ऐकलं न्हाई बगा. तुमी रडताय का न्हाई, एवढंच बगत हुती समदी."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. यांच्या हाताखाली भट्टीवर शिकलेला पिराजी अजूनही बंडलावर तळहात ठेवून बघतो आणि भट्टीत टाकतो. आण्णांनी शिकवलेलं मोडायचं नाही, असं म्हणतो.

हे अशीच पारख करायचे. त्या दिवशीही बंडलाला यांनीच हात लावला होता, कोरडं हाय म्हणाले होते. पिराजीनं मला हॉस्पिटलात सांगितलं होतं. माझ्या सोळा पारदर्शिकांत सगळं होतं, तेवढंच नव्हतं. ते मी मुद्दाम गाळलं होतं. पाऊस अजून दोन महिने राहणार होता.

मी प्रसेनजीतकडे पुढचा शनिवार मागून घेतला. शुक्रवारी पिराजीलाच एक बंडल निवडायला लावलं. त्यानं हात ठेवला, कोरडं आहे म्हणाला. त्यानंच वजन केलं आणि खडूनं बंडलावर लिहिलं: अठरा किलो चारशे. मग ते साचे सुकवायच्या ओव्हनमध्ये ठेवलं.

शनिवारी प्रोजेक्टर लावला नाही. काटा मधोमध ठेवला, त्यावर ओव्हनमधून काढलेलं बंडल ठेवलं आणि मी बाजूला, भिंतीशी उभी राहिले. पिराजीला वजन मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यानं काट्याकडे पाहिलं, खडूच्या आकड्याकडे पाहिलं, बंडल उचलून पुन्हा ठेवलं.

"सतरा नऊशे," तो म्हणाला.

मी अर्धा लिटर पाण्यानं भरलेली बाटली काट्याशेजारी ठेवली. आता माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

"एवढं पाणी आत होतं," मी म्हटलं. "हाताला कळलं नाही. त्या दिवशी अण्णासोंच्या हातालाही कळलं नाही. त्यांचा हात चुकला."

यांचं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. पिराजीनं मान खाली घातली.

"वैनी, आण्णांस्नी नावं ठिवू नगा."

"नावं ठेवत नाही. कसे गेले ते सांगतेय."

प्रसेनजीतनं विचारलं, बंडलं आधी ओव्हनमध्ये ठेवायची का? कुणीतरी म्हणालं, तासभर खोळंबा हुईल. पिराजी म्हणाला, "हुंदे की."

सोमवारी सकाळी मी वाळूचा नमुना आणायला खाली गेले. पाऊस लागला होता. पिराजी बंडलांची गाडी ओव्हनकडे ढकलत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मी डब्यात वाळू भरली, झाकण लावलं आणि लॅबमध्ये येऊन वजन करायला बसले.